दुसरीच्या मुलांची उद्दिष्टं ठरवताना

करवीर तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत माझ्याकडे पहिली-दुसरीचा जोडवर्ग आला. जूनच्या शेवटी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीत विचारणा झाली, दुसरीचा वर्ग वर्षअखेर किती टक्क्यांवर नेणार? कुणी ऐंशी सांगितलं, कुणी पंच्याऐंशी. मी म्हटलं, स्तरनिश्चिती, म्हणजे कोणतं मूल कुठल्या पायरीवर आहे ते पाहणं, होऊ दे, मग मुलागणिक लिहून देते. एक मूल काहीच न वाचता बसून राहिलं तरी वर्गाचा आकडा चांगला येऊ शकतो. सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मला हे पटत नाही.

शासनाचं लक्ष्य स्पष्ट आहे. जुलै 2021 मध्ये निपुण भारत अभियान सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधे हिशेब यावेत, हा त्याचा हेतू. दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचन आणि 999 पर्यंतच्या संख्या अपेक्षित आहेत. हे वर्षअखेर कुठं पोचायचं त्याचं झालं. निघायचं कुठून, हे मात्र मूल समोर बसवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पहिले काही आठवडे मी एकेका मुलाला व्हरांड्यात शेजारी बसवून ऐकलं. तोवर पहिलीची मुलं आत चिंचोके मोजत. वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं की मूल घाबरतं आणि आपल्याला भीतीच मोजून मिळते. एक मुलगा पुस्तकातला पाठ घडाघडा म्हणाला. बोट मात्र दुसऱ्याच ओळीवर होतं. त्याच पाठातले शब्द मी चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट ठेवले. ‘मका’ वाचला, ‘काम’ वाचला, ‘किती’ला थांबला. म्हणजे पाठ त्याचा तोंडपाठ होता, अक्षरं ओळखीची होती, काना येत होता आणि वेलांटीला गाडं अडलं होतं. माझ्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान असतं. त्याच्या पानावर मी ‘वाचन सुधारणे’ असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं : ‘तीन आठवड्यांत, वेलांटी असलेले दहा अनोळखी शब्द चिठ्ठीवरून वाचेल, आठ बरोबर आले की उकार सुरू.’ असं लिहिलं की आज काय घ्यायचं ते मला कळतं, आणि झालं की नाही ते मुलालाही कळतं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा संपला की तो स्वतःच पुढचा मागायला लागला.

मिनिटाला किती शब्द, या मोजणीशी मला सगळ्यांत जास्त झगडावं लागलं. मोबाइलवर वेळ लावली की मुलांचं लक्ष पुस्तकाऐवजी मोबाइलकडं. एक मुलगी भराभर वाचून संपवायची. ‘शेळी कुठं गेली होती गं?’ म्हटलं की गप्प. शिवाय मराठीत ‘घराजवळच्या’ हा एक शब्द आणि ‘तो’ हाही एकच. उतारा कुठला निवडला यावर आकडा खाली-वर होतो. मी क्रम ठरवला : आधी दोन प्रश्नांची उत्तरं, मग वेग. त्या मुलीचं उद्दिष्ट वेग वाढवण्याचं नव्हतंच. पूर्णविरामाला थांबायचं आणि वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायचं, एवढंच ठेवलं. मोबाइल पालथा घालून ठेवायला लागले. वेग मोजायलाच हवा, पण मुलाला समजायला लागल्यावर.

गणितात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुरले. 52 मधून 27 वजा करताना गठ्ठा सोडावा लागतो हे ज्याच्या हाताला कळलं, त्याला पाटीवर फार वेळ लागला नाही.

उद्दिष्टं लिहायला कोल्हापूरचं कॅलेंडर जवळ लागतं. जुलै-ऑगस्टात नदीला पाणी आलं की शाळा बंद. 2019 आणि 2021 चा महापूर इथं कुणी विसरलेलं नाही. त्या आठवड्यांत मी नवीन काही धरत नाही, उजळणी ठेवते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला अर्धा वर्ग घरच्यांबरोबर जातो, म्हणून शेवटचा टप्पा त्याआधीच संपवायचा.

दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, बीडकडची ऊसतोड कुटुंबं शिवारात उतरली, आणि त्यांची दोन मुलं दुसरीत आली. वय दुसरीचं, वाचन अक्षरांपर्यंत. त्यांना वर्गाची उद्दिष्टं लावली असती तर मार्चपर्यंत ती नुसती बसून राहिली असती. तोडणी संपून फड हलला की मुलं जाणार, म्हणून त्यांच्यासाठी पंधरा-पंधरा दिवसांचे टप्पे केले, प्रत्येक टप्पा त्याच्या त्याच्यात पुरा होईल असा. मोठा भाऊ उसाच्या मोळ्या बांधायला जायचा तेव्हा धाकटी एकटीच यायची. जाताना शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतरित मुलांना पुढच्या शाळेत दाखवायला मिळतं ते) मी एक कागद दिला : कुठली अक्षरं पक्की, कुठून पुढं घ्यायचं. पुढच्या शिक्षकाला ‘दुसरीत होती’ यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

नोंदींचंही तसंच. आपल्याकडं 2010 पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या, मूल्यमापनाचा वाटा 70 टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीचा, 30 टक्के आहे. म्हणजे रोजच्या तोंडी कामाला, कृतीला, निरीक्षणाला मान आहे. तिथं ‘प्रगती समाधानकारक’ लिहून मोकळं होणं मला मुलावर अन्याय वाटतो. ‘जोडाक्षर आलं की थांबतो, फोड करून दिली की वाचतो’ असं लिहिलं तर पुढचं उद्दिष्ट त्यातच सापडतं.

पालकांना हे सांगणं अवघड जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. एका आजीनं विचारलं, “बाई, शेजारचं पोरगं धडा वाचतंय, आमचं कवा वाचणार?” मी चिठ्ठ्या पुढं केल्या. जूनमध्ये काय वाचत होता, आता काय वाचतो, नातवाकडून वाचून दाखवलं. आजींनी त्या चिठ्ठ्या घरी नेण्यासाठी मागून घेतल्या. पालकसभेत मी मुलांची एकमेकांशी तुलना करत नाही, प्रत्येकाचं पान त्याच्याच घरच्यांना दाखवते.

केंद्राच्या बैठकीत शेवटी टक्केही दिले, कारण ते वर पाठवायचे असतात. पण सोबत मुलांची पानं जोडली. शेजारच्या शाळेतल्या एका बाईंनी नमुना मागून नेला.

मे महिन्याच्या सुट्टीआधी ती वही मी तिसरीच्या गुरुजींकडं दिली. त्यांनी जूनमध्ये पुन्हा एकेकाला ऐकलं. काही मुलं सुट्टीत एक पायरी खाली आली होती. त्यांची नवी उद्दिष्टं गुरुजींनी वहीतल्या शेवटच्या नोंदीवरून न लिहिता त्या खालच्या पायरीवरून लिहिली.