आर्णी ते नागपूर इलेक्ट्रिक गाडीनं: वाटेतला खर्च आणि घरच्या मीटरवरचा

आईच्या मोतीबिंदूची तपासणी नागपूरला होती, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावापासून नागपूर 190 किलोमीटरच्या घरात. गाडी घेऊन चार महिने झाले होते, पण यवतमाळच्या पुढे ती नेली नव्हती. बॅटरी 24 युनिट (किलोवॉट-तास) वीज साठवणारी. एका चार्जिंगमध्ये कंपनीचा आकडा तीनशे किलोमीटरच्या आसपासचा आहे. आमच्या रस्त्यांवर थंडीत दोनशे आणि उन्हाळ्यात एसी लावून पावणेदोनशे धरा, त्यापेक्षा जास्त धरू नका.

खरी अडचण आदल्या रात्रीच आली. चार्जर लावला तर लाल दिवा. तीनदा काढून लावला, तरी लालच. गावातल्या वायरमनला बोलावलं. त्यानं मल्टीमीटर लावला, तर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात 27 व्होल्ट. हा आकडा तीन-चारच्या आत असायला हवा. तो काही न बोलता अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेला आणि बादलीभर पाणी ओतलं. काळी माती इतकी तडकली होती की पाणी भसकन आत गेलं. दुसरी बादली, मग तिसरी. दहा मिनिटांनी दिवा हिरवा झाला. "भाऊ, जमीन सुकली का अर्थिंग मरते. उन्हाळाभर पाणी टाकत जा," एवढंच म्हणाला. आता आई तुळशीला पाणी घातलं की एक बादली तिथेही ओतते.

ज्यांना गाडी घ्यायची आहे त्यांनी शोरूमला जाण्याआधी हे काम करावं. कोळसा-मीठ घालून नवं अर्थिंग, मीटरपासून थेट 4 चौरस मिलिमीटरची वेगळी तार, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि चांगला 15 अँपिअरचा सॉकेट. वीजबिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो तोही पाहा. खेड्यातल्या कितीतरी घरांचा तो एक किलोवॉट किंवा त्याहून कमी असतो आणि हा चार्जर एकटाच तीनच्या जवळपास ओढतो. भार वाढवून घ्या. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 180 वर येतं, म्हणून मी रात्री अकरानंतरच लावतो. शेतीपंपाच्या जोडणीवर मात्र गाडी कधीच लावू नका. वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुपटीनं होते.

पहाटे पाचला निघालो. यवतमाळ उंचावर आहे, त्यामुळे तिथून कळंब, देवळी, वर्धा हा सगळा उतार. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की बॅटरीत थोडी वीज परत जाते. कळंबला चिंतामणीच्या दिशेनं आईनं गाडीतूनच हात जोडले. वर्ध्याला पोचलो तेव्हा 45 टक्के उरले होते. पुढचे 78 किलोमीटर कसेबसे झाले असते, पण आईला घेऊन जोखीम नको वाटली.

वर्ध्यातला पहिला चार्जर ॲपवर 'उपलब्ध' दिसत होता. प्रत्यक्षात स्क्रीन काळी आणि केबलवर कोळ्याचं जाळं. फोन केला, कुणी उचलला नाही. म्हणून सांगतो, निघण्याच्या आदल्या दिवशी त्या जागेच्या हॉटेलवाल्याला किंवा पंपवाल्याला फोन करून मशीन चालू आहे का ते विचारा, आणि प्रत्येक थांब्याला दुसरा पर्याय हाताशी ठेवा. दुसरा चार्जर एका हॉटेलच्या आवारात चालू मिळाला. अर्ध्या तासात 80 टक्के झालं. नऊ युनिटचे 22 रुपयांनी 198, वर 18 टक्के जीएसटी, मिळून 234 रुपये. आईचा चहा-पोहे तेवढ्यात आटोपले. दोन पोरं येऊन उभी राहिली. "काका, एका चार्जिंगमध्ये किती जाते? बॅटरी गेली त मंग?" बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी आहे म्हटल्यावर त्यांनी खरा प्रश्न विचारला: "अन् घरचं बिल किती येते?"

तोच प्रश्न महत्त्वाचा. 'एक रुपयात किलोमीटर' ही जाहिरात आमच्या घरी खरी ठरत नाही, कारण महावितरणचं बिल टप्प्यांनी चढतं. 2024-25 च्या दरांनी माझ्या बिलावर वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा खर्च) धरून युनिटला पहिल्या 100 पर्यंत सहाच्या आसपास, 101 ते 300 ला साडेअकरा आणि 300 च्या पुढे पावणेसोळा रुपये पडायचे, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क. गाडीची युनिटं घराच्या वापरावर चढतात, म्हणून वरच्या टप्प्यांत पडतात. महिन्याला 1000 किलोमीटरला भिंतीतून 155 युनिट जातात, कारण चार्ज होताना थोडी वीज वाया जाते. मार्चमध्ये घराचा वापर 140 होता, तेव्हा गाडीचे साधारण 2060 रुपये झाले. मेमध्ये कूलर आणि फ्रिजमुळे घरच 220 वर गेलं. मग गाडीची निम्मी युनिटं तीनशेच्या वर गेली आणि तोच खर्च 2400 च्या पुढे. जुनी पेट्रोल गाडी लिटरला 17 द्यायची आणि पेट्रोल तेव्हा 105 च्या घरात होतं, म्हणजे 1000 किलोमीटरला सहा हजारांच्या वर. महिन्याला 3700 ते 4100 वाचतात हे खरं. पण तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ही घेताना तीन लाख जास्त मोजले, ते वसूल व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतील. ज्यांचं फिरणं महिन्याला तीनशे किलोमीटरचं आहे त्यांनी केवळ पैसे वाचवायला ही गाडी घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आपल्याकडे, कोराडी आपल्याकडे. धूर आणि राख आपण सोसतो आणि टप्पा ओलांडला की चढ्या दराचं युनिटही आपणच भरतो. याचा मला मनापासून राग येतो.

नागपूरला ताईकडे मुक्काम. रात्री तिच्या सॉकेटवर गाडी लावली. आधी तिचं मीटर पाहून ठेवलं होतं, सकाळी 14 युनिट चढलेले. पैसे देऊ केले तर ती रागावली. शेवटी दोन डझन आंबे ठेवून निघालो. कुणाकडे उतरलात तर मीटर जरूर पाहा. पाहुण्याच्या गाडीनं त्यांचा टप्पा बदलायला नको.

परतताना चूक केली. तपासणी लांबली आणि भर दुपारी एकला निघालो. 44 अंश, एसी पूर्ण, समोरून झळा. वर्ध्याला 52 टक्के. तिथला चार्जर उघड्यावर होता. बॅटरी तापलेली असली की गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, त्यामुळे जाताना अर्ध्या तासात झालेलं काम सव्वा तास चाललं. आईला सावलीत बसवायलाही जागा नव्हती. कळंबनंतर चढ लागतो, त्यात जाताना लागलं होतं त्यापेक्षा दीडेक युनिट जास्त गेलं, म्हणजे आठ-दहा किलोमीटर कमी. घरी पोचलो तेव्हा 17 टक्के होते. टोल दोन्ही वेळा लागला, इलेक्ट्रिक गाडी म्हणून माफी मिळाली नाही.

आता छतावर तीन किलोवॉट सौर बसवायचं ठरवलंय. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. आपल्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे महिन्याला साडेतीनशे. घर आणि गाडी दोन्ही त्यात बसतात, फक्त पावसाळ्यात कमी पडेल. ज्यांच्याकडे पक्कं छत नाही त्यांनी गाडीसाठी वेगळ्या जोडणीचा अर्ज करावा. 2024 च्या सुधारित वीज ग्राहक हक्क नियमांनुसार ती मागता येते, आणि मग घराचे टप्पे घरापुरते राहतात.

आईच्या शस्त्रक्रियेसाठी जुलैत पुन्हा जायचं आहे. जाताना पहाटे पाचला निघणार, आणि येताना ऊन उतरल्याशिवाय ताईच्या घरून हलणार नाही.