कडब्याच्या गंजीतली घोणस

आज नान्नजकडच्या एका वस्तीवर कडब्याच्या गंजीखालून घोणस निघाली, जहाल विषारी साप. पोरं काठ्या घेऊन तयारच! "आण्णा, आधी सगळ्यांना मागं घ्या," म्हटलं. लांब उभं राहून दुर्बिणीतून पाहिली. तिकोनी डोकं, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा. आणि तो फुत्कार! कुकरची शिट्टी परवडली. एकजण ठामपणे म्हणाला, "अजगराचं पिल्लू हाय, धरू का?" हाच घोळ जिवावर बेततो. अजगराचे डाग मोठे आणि वेडेवाकडे असतात, अशा सरळ रांगा नसतात. सर्पमित्र येईपर्यंत फक्त तिच्यावर नजर ठेवली. उंदरांमागं आली असणार बिचारी. आण्णा म्हणतात, आता कडबा काढताना गमबूट, आणि रात्री बॅटरीशिवाय गंजीकडं फिरकायचं नाही.