रोममधलं सांत इन्यात्सियो: आरशाची रांग सोडा, फरशीवरची चकती शोधा

पँथिऑनहून व्हिया देल सेमिनारिओ या गल्लीने पाच मिनिटं चाललं की पियाझ्झा दी सांत इन्यात्सियो लागतो. चौक लहान आहे. समोरची घरं वक्राकार, जणू नाटकाच्या रंगमंचावरच्या विंगा. ही मांडणी 1727-28ची, फिलिप्पो रागुझ्झिनी या वास्तुकाराची. घरांच्या पुढ्यात सांत इन्यात्सियो चर्चची भलीमोठी दर्शनी भिंत उभी राहते. प्रवेश फुकट आहे आणि तिकीट किंवा बुकिंगची भानगड नाही. दारावर कोणी 'गाइड' म्हणून पैसे मागितले तर सरळ पुढे व्हा.

मेट्रोचं स्टेशन अगदी जवळ नाही. ए लाइनच्या बार्बेरिनीवर उतरून सुमारे पंधरा मिनिटं चालावं लागतं. तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनहून 64 किंवा 40 नंबरची बस घेऊन पियाझ्झा व्हेनेझियाजवळ उतरणं सोपं. मात्र या दोन्ही बस खिसेकापूंसाठी कुप्रसिद्ध आहेत, तेव्हा पाकीट मागच्या खिशात नको आणि सॅक पोटावर घ्या. गल्ल्यांत काळ्या दगडी ठोकळ्यांची फरसबंदी आहे. उंच टाचा आणि छोट्या चाकांच्या बॅगा दोन्हींचे हाल होतात.

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. उन्हाळ्यात एक ओढणी किंवा पातळ शाल पुरते. चर्चमध्ये स्वच्छतागृह मिळेल हे धरून चालू नका. आधी एखाद्या बारमध्ये (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) काउंटरवर उभ्यानेच एस्प्रेसो घ्या आणि तिथलं वापरा. टेबलावर बसलं की तीच कॉफी महाग पडते.

आता मुख्य गोष्ट. आत शिरताच मधल्या दालनात माणसांची रांग दिसेल. ती छताकडे रोखलेल्या तिरक्या आरशासाठी आहे. आरशात डोकावून छतासह स्वतःचा फोटो काढायचा, एवढाच तिचा उद्देश. गर्दीच्या दिवशी अर्धा तास सहज जातो. फोटो हवाच असेल तर जरूर थांबा, पण छत बघायला आरशाची काहीच गरज नाही. उलट आरशात चित्र उलटं आणि तुकड्यातुकड्याने दिसतं. रांगेतलं कोणी नाणं टाकलं की वरचे दिवे लागतात आणि ते सगळ्यांसाठीच लागतात. तरीही एक-दोन युरोची नाणी जवळ असू द्या, कारण रांग रिकामी असेल तर दिवे आपणच लावायचे असतात. नोटा चालत नाहीत.

दालनाच्या मधोमध फरशीत बसवलेली गोल संगमरवरी चकती शोधा. अनेकदा तिच्यावर कोणीतरी उभं असतं किंवा लोक न बघता ओलांडून जातात. तिच्यावर उभं राहून मान वर करा. आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) चित्रकाराने 1685 नंतरच्या दशकात रंगवलेलं हे छत नेमक्या याच जागेवरून बघण्यासाठी बेतलेलं आहे. इथून खरी भिंत कुठे संपली आणि रंगवलेले खांब कुठे सुरू झाले, ते कळत नाही. चार पावलं बाजूला सरका, म्हणजे तेच खांब एका अंगाला कलंडतात. कारण सोपं आहे: सगळ्या रेषा एकाच बिंदूकडे धावतात आणि डोळा त्याच्या बरोबर खाली हवा. छत सपाट नाही, कमानदार आहे. त्यामुळे सरळ रेषा त्यावर वाकड्या काढाव्या लागल्या, तेव्हा कुठे त्या खालून सरळ दिसतात. दोऱ्यांची जाळी ताणून तिच्या चौकटी वक्र छतावर कशा उतरवायच्या, ही रीत पोझ्झोने पुढे आपल्या ग्रंथातच दिली आहे.

मधोमध ख्रिस्ताकडून निघालेला किरण जेझुइटांचा संस्थापक संत इग्नेशियस (इटालियनमध्ये इन्यात्सियो, चर्च त्याच्याच नावाचं) याच्यापर्यंत येतो आणि तिथून चार खंडांकडे फाकतो. खंड कोपऱ्यांकडे शोधा. उंटावरची आशिया, मगरीवरची आफ्रिका, पिसांचा मुकुट घातलेली अमेरिका, घोड्याजवळची युरोप. छोटी 8 पटींची दुर्बीण असेल तर आणाच. खाली कोसळणाऱ्या आकृत्यांचे पाय चौकटीबाहेर लोंबतात, ते नुसत्या डोळ्यांना निसटतं. फोटोसाठी फोन चकतीवर उताणा ठेवून, म्हणजे मागचा कॅमेरा नव्हे तर पुढचा वर करून, टायमर लावा. हातात धरून काढलेल्या फोटोत मान आणि क्षितिज दोन्ही कलतात.

वेदीच्या दिशेने पुढे दुसरी चकती आहे, ती घुमटासाठी. घुमट म्हणजे प्रत्यक्षात सपाट कॅनव्हास. 1626 साली सुरू झालेल्या या बांधकामात खरा घुमट झालाच नाही. पैसे संपले असं सांगतात, शेजारच्या मठाने उजेड अडेल म्हणून हरकत घेतल्याची कथाही चालते. 1685मध्ये पोझ्झोने ती जागा चित्राने भरली. चित्रातले खांब नुसत्या ब्रॅकेटवर कसे उभे, अशी वास्तुकारांनी तक्रार केली. त्यावर ते पडलेच तर खर्च आपण देऊ, असं एका चित्रकार मित्राने सांगितल्याचं पोझ्झो लिहितो. चकतीवरून बघून झालं की घुमटाच्या थेट खाली जा. सगळा डाव तिथे उघडा पडतो: वेडावाकडा, काळपट गोल. क्रम उलटा केला तर मजा जाते, म्हणून बाजूच्या वाटेने थेट वेदीपाशी जाऊ नका.

उजव्या बाजूच्या भागात संत अलॉयशियस गोंझागाची वेदी आहे. त्याचे अवशेष लाजवर्द या निळ्या दगडाच्या पेटीत आहेत, वरचं संगमरवरी शिल्प पिएर ल ग्रो याचं. मंगळुरूच्या त्या नावाच्या कॉलेजमुळे अनेकांना हे नाव ओळखीचं वाटेल. बाकीच्या चॅपलांवरून वेगाने फिरलात तरी चालेल. प्रार्थना चालू असताना फिरू देत नाहीत, म्हणून रविवारची सकाळ टाळा. वेळा बदलतात, दाराशी लावलेला कागद बघून घ्या.

सगळ्यात सोयीचा बेत म्हणजे चारच्या सुमारास इथे पोहोचणं आणि सव्वापाचला इल जेझू या चर्चमध्ये असणं. पियाझ्झा देल कोल्लेज्यो रोमानो, मग व्हिया देल पिए दी मार्मो (तिथे कोपऱ्यावर प्राचीन संगमरवरी पाऊल ठेवलं आहे) आणि व्हिया देल जेझू, असं दहा मिनिटांत जाता येतं. इल जेझू दुपारी काही तास बंद असतं, त्यामुळे क्रम उलटा करू नका. साडेपाचला डाव्या बाजूच्या, पोझ्झोनेच रचलेल्या इग्नेशियसच्या वेदीवरचं मोठं चित्र संगीतासह खाली सरकतं आणि मागचा पुतळा दिसतो. निवेदन इटालियनमध्ये असतं. पुढच्या बाकांवर जागा हवी तर पंधरा मिनिटं आधी बसा.

त्याच्या बरोबर समोर, उजवीकडे, संत फ्रान्सिस झेवियरची वेदी आहे. गोव्याच्या बॉम जीझसमध्ये ज्याचा देह आहे, तोच हा संत. त्याचा उजवा हात 1614मध्ये कापून रोमला आणला गेला आणि तो इथल्या पेटीत आहे. तिकडे जुन्या गोव्यातला समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्समध्ये घडवून पाठवलेला. दोन्ही बघितलेले मराठी प्रवासी थोडे नसतील, पण इथे बहुतेक जण इग्नेशियसचा कार्यक्रम संपताच पाठ फिरवून निघतात. पाच मिनिटं जास्त थांबा. पेटी वेदीवर उंचावर आहे, इथेही दुर्बीण कामाला येते.