खूण आपली आपण ठेवायची: कायनेसिस वाचतानाचा माझा अनुभव

पहिल्या दिवशी माझ्या स्क्रिप्टने एकही एरर दिली नाही आणि एकही रेकॉर्ड वाचलं नाही.

काम तसं साधं वाटत होतं. कोल्हापूरकडच्या एका तालुक्यातल्या दूध संस्थांच्या बल्क कूलरवर, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांवर, तापमापक बसवले होते. त्यांची नोंद अ‍ॅमेझॉनच्या कायनेसिस डेटा स्ट्रीममध्ये, म्हणजे सतत येणाऱ्या नोंदी साठवणाऱ्या क्लाउड सेवेत, येत होती. मी पुण्यात बसून पायथनमध्ये, बोटो३ ही अशा सेवांशी बोलणारी लायब्ररी वापरून, ती वाचायची आणि आमच्या डेटाबेसमध्ये टाकायची. दूध ४ अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे. ते कधी आणि किती वेळ वर गेलं, हे संस्थेला कळायला हवं, एवढंच.

यापूर्वी मी रांगा हाताळल्या होत्या, म्हणजे निरोप उचलला की तो रांगेतून जातो. कायनेसिस तसं नाही. रेकॉर्ड वाचलं तरी ते तिथेच राहतं, मुदत संपेपर्यंत. ही मुदत मुळात २४ तासांची असते आणि ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवता येते. स्ट्रीमचे भाग म्हणजे शार्ड. आधी शार्डांची यादी मागायची, मग हव्या त्या शार्डसाठी इटरेटर मागायचा, म्हणजे कुठून वाचायचं ते ठिकाण. तो देऊन ‘गेट रेकॉर्ड्स’ म्हणायचं. उत्तरात रेकॉर्ड येतात आणि पुढचा इटरेटरही येतो.

मी इटरेटर ‘लेटेस्ट’ प्रकारचा घेतला होता. म्हणजे मागितल्या क्षणापासून पुढे जे येईल तेवढंच. चाचणीला एकच कूलर जोडलेला होता आणि तोही तापमान बदललं तरच नोंद पाठवायचा. मग दिसणार काय? ‘ट्रिम होरायझन’ केलं, म्हणजे शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या रेकॉर्डपासून. तरी यादी रिकामीच आली. माझ्या लूपमध्ये लिहिलं होतं की रेकॉर्ड आले नाहीत तर थांब. तो आज्ञाधारकपणे पहिल्याच फेरीला थांबत होता.

दुपारभर मी परवानग्या तपासल्या, स्ट्रीमचं नाव तपासलं, पाठवणाऱ्या बाजूच्या सहकाऱ्याला दोनदा विचारलं. शेवटी रिकाम्या यादीकडे बघणं सोडून अख्खं उत्तर छापलं. त्यात ‘मिलिस बिहाइंड लेटेस्ट’ नावाचा आकडा होता, ३ कोटी २० लाखांच्या वर. मिलिसेकंदांचे तास केले तर जवळपास ९. म्हणजे मी स्ट्रीमच्या टोकापासून ९ तास मागे उभी होते आणि माझा कोड मात्र ‘संपलं’ म्हणत होता. शार्डच्या ज्या पट्ट्यात नोंदी विरळ असतात, तिथे रिकामं उत्तर येणं हे नेहमीचं आहे. पुढचा इटरेटर घेऊन चालत राहायचं. थांबायची अट काढली, आठ-दहा रिकाम्या फेऱ्या गेल्या आणि पहाटे ५ ची पहिली नोंद पडद्यावर आली. ३.८ अंश. त्या आकड्याचा मला फार आनंद झाला.

मग ६० कूलर जोडले गेले, दर १० सेकंदांना एक नोंद. दोन आठवडे छान गेले.

एका सकाळी एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “मॅडम, पहाटेचं काहीच दिसंना झालंय. लाइट गेलेली दोन तास, दूध तर टाकीत हुतं. किती तापलं ते बघायचंय.”

आलेखात ४ ते ६ कोरं होतं. लॉग वाचत गेले तसं उलगडलं. तालुक्यातल्या बहुतेक गावांची वीज गेली होती. यंत्रं बॅटरीवर चालू होती, पण राउटर बंद, म्हणून नोंदी यंत्रातच साठल्या. वीज आल्यावर चाळीसेक हजार नोंदी एकदम स्ट्रीममध्ये आल्या. एका मागणीला जास्तीत जास्त १०,००० रेकॉर्ड मिळतात आणि तेवढे मिळाले. माझा कोड ते एकेक करून डेटाबेसमध्ये लिहीत होता, प्रत्येकाला ४० मिलिसेकंद. गुणाकार केला तर ४०० सेकंद, पावणेसात मिनिटांच्या जवळ. आणि इटरेटर टिकतो ५ मिनिटं. पुढची मागणी केली तेव्हा तो कालबाह्य झालेला होता.

इथवरही बिघडलं नसतं. पण एरर आली की नवा इटरेटर घे, असं मीच लिहिलं होतं, आणि तोही ‘लेटेस्ट’. उरलेल्या तीसेक हजार नोंदी ओलांडून माझा कोड पुढे निघून गेला. ज्या दोन तासांसाठी ही सगळी यंत्रणा उभी केली, नेमके तेच त्याने सोडले.

घरी आजी पोथी वाचायची तेव्हा उठताना पानात मोरपीस ठेवायची. वाचणारा कुठवर आला हे पोथीला ठाऊक नसतं, आणि कायनेसिसलाही नसतं. प्रत्येक रेकॉर्डला सिक्वेन्स नंबर असतो. तो जपून ठेवणं वाचणाऱ्याचं काम, आणि मी ते केलं नव्हतं.

बरं एवढंच, की २४ तास उलटले नव्हते. ‘अ‍ॅट टाइमस्टॅम्प’ने सकाळी ६ पासूनचा इटरेटर मागितला. इथे वेळ धरली जाते ती रेकॉर्ड स्ट्रीममध्ये पोचल्याची, यंत्राने तापमान घेतल्याची नव्हे. म्हणून ४ नाही, ६. तरी आल्या त्या साडेअकरानंतरच्याच नोंदी. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि मी वेळेला टाइमझोन लावला नव्हता, त्यामुळे साडेपाच तासांचा फरक पडला. तो लावला आणि नोंदी येऊ लागल्या. त्या टाकीचं तापमान ७ अंशांपर्यंत चढून वीज आल्यावर उतरलं होतं. मी सचिवांना फोन करून आकडे वाचून दाखवले. “लिहून घेतो,” म्हणाले, आणि एकेक आकडा परत म्हणत लिहून घेतला.

त्याच संध्याकाळी कोड बदलला. नोंदी आता ५००-५०० च्या गठ्ठ्याने लिहिल्या जातात. गठ्ठा लिहून झाला की मगच शेवटचा सिक्वेन्स नंबर एका तक्त्यात जातो, शार्डागणिक एक ओळ. बंद पडून पुन्हा सुरू झालं तर ‘आफ्टर सिक्वेन्स नंबर’ने तिथून पुढे. मधेच पडलं तर काही नोंदी दुसऱ्यांदा येतात, म्हणून कूलरचा क्रमांक आणि यंत्राची वेळ मिळून एकच किल्ली ठेवली. तीच नोंद पुन्हा आली तर जुनीवरच बसते. केसीएल ही तयार लायब्ररी अशा खुणा डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये आपोआप ठेवते, आणि मोठ्या कामाला मी तीच घेईन. पण खूण कशासाठी असते हे मला हाताने लिहूनच कळलं.

पुढे शार्डही वाढवावा लागला. एका शार्डवर सेकंदाला १,००० रेकॉर्डच लिहिता येतात आणि वीज आल्यावरचा लोंढा त्याला धडकत होता. एकाचे दोन केले. जुना शार्ड बंद झाला तरी त्यातलं वाचायचं बाकी होतं. ते पूर्ण वाचून पुढचा इटरेटर रिकामा आल्यावरच मी नव्या दोघांना हात लावला, नाहीतर एकाच टाकीच्या नोंदी पुढेमागे झाल्या असत्या. तक्त्यात आता तीन ओळी आहेत. पहिलीपुढे ‘पूर्ण’ लिहिलंय, उरलेल्या दोन दर काही सेकंदांनी बदलतात.