चॉकलेटचं पाणी आणि आखाजीचे मांडे

राग आला की आपल्याकडे अंगाचा तिळपापड होतो. मेक्सिकोत माणूस चॉकलेटसाठी ठेवलेल्या पाण्यासारखा होतो, उकळी फुटायच्या बेतात. तिकडचा हा वाक्प्रचार रागाला चालतो तसा ओढीलाही चालतो. लाउरा एस्कीवेल यांच्या १९८९च्या कादंबरीचं नाव त्यावरूनच आलं आहे: 'कोमो आग्वा पारा चोकोलाते'.

कथा टेक्सासच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावाजवळची, मेक्सिकन क्रांतीच्या काळातली. घराण्याची रीत अशी की धाकट्या मुलीनं लग्न करायचं नाही, आई असेपर्यंत तिचं करायचं. तिता ही ती धाकटी. तिच्यावर जीव असलेला पेद्रो तिच्या जवळ राहता यावं म्हणून मोठ्या बहिणीशी लग्न करतो, आणि त्या लग्नाचा केक तितालाच करावा लागतो. अंडी १७०. पिठात तिचे अश्रू पडतात, आणि केक खाल्लेल्या पाहुण्यांना आपापलं गमावलेलं माणूस आठवून रडू फुटतं.

बरेच जण याला जादू म्हणून पुढे जातात. मला वाटतं, खरी ताकद कृतीत आहे. बारा महिने, बारा प्रकरणं, प्रत्येकाला एक पाककृती. आणि ती सलग सांगितलेली नाही. काहीतरी भिजतंय, शिजतंय, निवतंय, तेवढ्यात गोष्ट आत शिरते. ज्या बाईला घरात बोलायची मुभा नाही, तिला तेवढीच उसंत असते.

म्हणून ही कादंबरी हात ओले करून वाचावी. जुन्या पद्धतीचं चॉकलेट दुधात नव्हे, पाण्यात होतं. कोकोच्या बिया तव्यावर भाजतात. कमी भाजल्या तर तुरट, जास्त झाल्या तर कडू. मग पाट्यासारख्या दगडावर, मेताते म्हणतात त्याला, खाली निखारे ठेवून वाटतात. निखारे कशाला? कोकोतलं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं. थंड दगडावर नुसता चुरा होतो, कोमट दगडावर लगदा सुटतो. पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटताना तेल सुटतं आणि मिक्सरमध्ये कोरडी राहते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

घरी करायचं तर ४ कप पाणी, ६० ग्रॅम बिनदुधाचं गडद चॉकलेट, ३० ग्रॅम साखर, बोटभर दालचिनी. दालचिनी पातळ पापुद्र्यांची, सिलोनची घ्या. बाजारातली जाड साल तिखट लागते. पाण्याला दालचिनीसकट उकळी आली की गॅस अगदी बारीक करून चॉकलेट विरघळू द्या, मग भांडं खाली उतरवून रवीनं घुसळा. त्यांची मोलिनियो ही लाकडी रवीच, दोन तळहातांत फिरवायची. फेस वर येईपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर तुपकट थर वेगळा तरंगतो. मोठ्या आचेवर ठेवलं तर बुडाला लागतं.

शेवटच्या प्रकरणातल्या अक्रोडाच्या सॉसमधल्या मिरच्या खानदेशी हाताला परक्या वाटणार नाहीत. मोठ्या हिरव्या मिरच्या थेट जाळावर काळ्या होईस्तोवर भाजायच्या, झाकून घाम आणायचा, साल सोलायची. भरताची वांगी आपण तुरकाठ्यांच्या जाळावर भाजतो तसंच, आणि चूकही तीच: साल लवकर निघावं म्हणून नळाखाली धरलं की धुराची चव वाहून जाते. अक्रोड ताजे घ्या आणि भिजवून त्यांचं पातळ साल काढा. ते राहिलं तर सॉस कडू होतो आणि पांढरा दिसत नाही.

तिताचा काळ आणि बहिणाबाई चौधरींचा काळ एकच. १८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई जात्यावर, चुलीपाशी गाणी रचत होत्या. मुलानं लिहून ठेवली म्हणून ती १९५२ साली पुस्तकात आली. आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या बाईचं मन लिहिण्याची वाट तेव्हाच पडली होती. मराठी कादंबरी तिथपर्यंत फारशी गेली नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कुणी लिहायला बसलंच, तर आखाजीपासून, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेपासून, सुरुवात करावी. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके, आणि खापरावरचे मांडे. किलोभर हरभरा डाळीला किलोभर गूळ, वेलची, जायफळ. पुरण पूर्ण निवायला हवं, कोमट भरलं तर पारी फाटते. कणीक पाण्याचा हात लावत आपटून-आपटून लवचिक करायची आणि दोन तास झाकून ठेवायची. घाई केली तर ताणलेला मांडा परत आखडतो. दोन पाऱ्यांमध्ये पुरण, कडा दाबून बंद, मग दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत मोठा करायचा. पालथं खापर फार तापलं असेल तर फोड येऊन करपतो. उतरवल्यावर गरम असतानाच घडी घालायची, गार झाला की मोडतो.

लेकीनं आईला सासरचं जे सांगायचं, ते पुरण निवेपर्यंत किंवा कणीक मुरेपर्यंत सांगू द्यावं. मांडा हातावर चढला की दोघींनाही मान वर करायला वेळ नसतो. तिथे संवाद घालू नये.