आरतीची लय का चढते

चवथीची आरती ज्या लयीत सुरू होते त्या लयीत कधी संपलेली मी पाहिली नाही. आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडच्या वाड्यावर ती पहिल्या कडव्याला रमतगमत निघते आणि तिसऱ्या-चौथ्या कडव्याला मागे कुत्रं लागल्यासारखी पळायला लागते. घुमटवाल्याचा (घुमट म्हणजे एका तोंडाला कातडं चढवलेलं मडकं) डावा तळवा मडक्याच्या उघड्या तोंडावर झाकतोय, उघडतोय, उजव्या हाताची बोटं कातड्यावर दिसेनाशी झालेली, आणि शामेळ हे जोडीचं तालवाद्य वाजवणारा घामाने निथळलेला. (कातडं आता बकऱ्याचं. पूर्वीचं घोरपडीचं, त्याच्यावर कायद्याने बंदी आली. आवाजात फरक पडला असं जुनी माणसं म्हणतात. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचं वाद्य केलं, त्याने काही तो आवाज परत आला नाही.) एक ज्येष्ठ काका मधूनच "सवकास, सवकास!" म्हणून हात दाखवतात. दोन ओळींपुरती लय खाली येते, की पुन्हा चढते. मग फराळाच्या वेळी वाद. घुमटवाला म्हणतो झांजवाल्याने पळवली, झांजवाला म्हणतो टाळ्या वाजवणाऱ्या पोरांनी.

मला विचाराल तर दोघंही खरं बोलतात. माणसं एकत्र बसून ठेका धरू लागली की ठेका वाढतो, हे प्रयोगशाळेतही दिसलंय. लय वाढवू नका असं बजावून सांगितलं तरी वाढते, आणि एकट्याने वाजवताना वाढते त्याहून जास्त वाढते. कारण मोठं मजेशीर आहे. शेजाऱ्याचा ठोका जरा आधी पडला की आपला हात त्याला गाठायला पुढे सरकतो, पण शेजारी मागे राहिला तर त्याच्यासाठी हात तेवढा थांबत नाही. गाठता गाठता जी लय झाली तीच पुढच्या ओळीची लय. हे चाळीस माणसांत चाललेलं असताना एकट्या काकांचं काय चालणार!

पण मुळात हात आधी पडतोच का? आपल्याला वाटतं, ठोका ऐकला की आपण टाळी वाजवतो. हिशेब करून बघा. आवाज कानात शिरल्यापासून हात हलेपर्यंत साधारण 0.15 सेकंद जातो. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर 0.1 सेकंदाच्या आत जो निघाला त्याला नियमाप्रमाणे बाद करतात, कारण इतक्या लवकर ऐकून निघणं माणसाला जमत नाही, म्हणजे तो ऐकण्याआधीच निघाला. त्या नियमाने आमची अख्खी आरती बाद होईल. ऐकून टाळी वाजवायची म्हटलं तर प्रत्येक टाळी ठोक्याच्या मागे लटकत राहील. तसं होत नाही, कारण मेंदू पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधून हाताला आधीच रवाना करतो. आणि तेही अंमळ जास्तच आधी. ठराविक टिकटिकीवर बोट आपटायला सांगितलं तर बहुतेकांचं बोट टिकटिकीच्या सेकंदाचे काही हजारांश ते काही शतांश आधी पडतं, आणि त्यांना मात्र ते बरोबर ठोक्यावरच पडल्यासारखं वाटतं. पायाने ठेका धरला तर पाय बोटापेक्षाही आधी. याचं एक जुनं स्पष्टीकरण असं, की कानाची वाट मेंदूला जवळची, बोटाची लांब, पायाची त्याहून लांब. दोन्ही बातम्या एकाच वेळी पोचाव्यात म्हणून लांबच्याला लवकर धाडायचं.

या वाटेला वेळ लागतो हेसुद्धा माणसाला उशिरा कळलं. मज्जातंतूतला संदेश इतका झपाट्याने जातो की तो मोजताच येणार नाही, असं मोठमोठे शास्त्रज्ञ मानत होते. 1850 च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पायाची नस घेऊन तो मोजला, तर सेकंदाला 27 मीटरच्या आसपास. म्हणजे आपला 'आत्ता' नेहमीच थोडा शिळा असतो.

अंदाज बांधायचं हे काम बरंचसं मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत चालतं. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या दहाव्या भागाइतका, पण मेंदूतल्या चेतापेशींपैकी 80 टक्क्यांच्या आसपास एकट्या त्याच्यात. तीन वर्षांचं पोर आरतीत बघा. उत्साह सगळ्यात जास्त, टाळी मात्र मनाला येईल तेव्हा. चार-पाच वर्षांचं होईतो बाकीच्यांच्या जवळपास येऊ लागतं. आणि दुसऱ्या टोकाला आमचे गोव्याचे तबलावादक खाप्रूमाम पर्वतकर, लयभास्कर म्हणून ओळखले जाणारे. दोन्ही हातांनी आणि पायांनी वेगवेगळे ताल धरून तोंडाने आणखी निराळाच मोजायचे, असं सांगतात. आम्हाला एका हाताने पोट चोळत दुसऱ्याने डोकं थोपटताना नाकी नऊ येतात.

लहान मेंदूच्या जोडीला मेंदूच्या तळाशी काही गाठी आहेत. आतून लय धरायची, हालचालीला 'चल' म्हणायचं, ही त्यांची कामं, आणि त्यासाठी त्यांना डोपामीन नावाचं रसायन लागतं. कंपवातात ते आटतं. माझे एक मामा पूर्वी गावच्या नाटकांना तबल्याची साथ करायचे, त्यांना हा आजार आहे. सपाट अंगणात ते बरे चालतात, पण देवघराच्या उंबरठ्यापाशी आले की पाय जमिनीला खिळतात. पुढे जायचंय हे माहीत, ताकदही आहे, पण 'चल' म्हणणारं आतलं कोणी जागचं हलत नाही. अशांना बाहेरून ठेका दिला की पाऊल बऱ्याचदा सुटतं, म्हणून फिजिओथेरपिस्ट टिकटिक करून ठेका देणारा मेट्रोनोम लावतात, जमिनीवर पट्ट्या मारतात. मामांच्या व्हरांड्यातही आडव्या पांढऱ्या पट्ट्या आहेत, नातवंडं त्यांच्यावर लंगडी खेळतात. मेट्रोनोम मात्र त्यांनी दोन दिवसांत बाजूला ठेवला. म्हणाले, बेसूर आहे. आता उंबरठ्याशी अडले की स्वतःच केरव्याचे, म्हणजे आठ मात्रांच्या साध्या तालाचे, बोल म्हणतात, "धागेनतिनकधिन", आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पाय उचलतात.

दहा मात्रांच्या झपतालात जमतं का, असं मी त्यांना विचारलं.

"मला देवघरात जायचंय रे," ते म्हणाले, "मैफल नाही करायची."