रॅम्पची खोली

सोलापूर शहरात मी समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत इतरांबरोबर शिकता यावे यासाठी नेमलेली विशेष शिक्षिका म्हणून काम करते. नेमणूक कंत्राटी आहे आणि वाट्याला 17 शाळा आहेत. त्यामुळे एका शाळेत महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा जाणे होते आणि त्यातलाही निम्मा वेळ नोंदवह्या भरण्यात जातो. पुढचा प्रसंग गेल्या ऑगस्टमधला, पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेतला आहे. शाळेचे आणि मुलांचे नाव मुद्दामच देत नाही.

त्या शाळेच्या चौथीत माझ्या यादीतली दोन मुले आहेत. मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायूंचे बळ हळूहळू कमी करत नेणारा आजार आहे आणि तिसरीत असताना त्याला चाकाची खुर्ची लागली. मुलीला जन्मापासून कमी ऐकू येते आणि तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत. एकाच वर्गात त्यांतले दोन असतील तर काय करायचे, हे आमच्या कोणत्याही प्रशिक्षणात मी ऐकलेले नाही.

त्या शाळेतला रॅम्प हा माझ्या अभिमानाचा विषय होता. व्हरांड्याचे जोते 45 सेंटीमीटर उंच आहे. 1 : 12 या उताराच्या नियमाने, म्हणजे 1 सेंटीमीटर उंचीला 12 सेंटीमीटर लांबी या हिशेबाने, त्याला 5 मीटर 40 सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. कंत्राटदाराने 2 मीटरांत सिमेंटची घसरगुंडी उभी केली आणि वर पिवळा पट्टा ओढून फोटोही काढला. कागदावर ‘रॅम्प : आहे’ एवढे झाले की बहुतेकांचे समाधान होते. मी रिकामी खुर्ची त्या उतारावर सोडून सर्वांसमक्ष दाखवली, चार पत्रे लिहिली आणि ते बांधकाम फोडायला लावले. नव्या रॅम्पला मध्ये वळण आहे, वळणावर खुर्ची फिरेल असा दीड मीटरचा सपाट टप्पा आहे आणि दोन्ही बाजूंना कठडा आहे. तो पूर्ण होताच, दीड वर्षापूर्वी, मी लेखी शिफारस करून त्या मुलांचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली, रॅम्पजवळच्या खोलीत आणवला. तो मुलगा आता कोणी न उचलता वर्गात येतो.

मुलीच्या फाइलमध्ये मात्र त्याच दीड वर्षात माझ्याच अक्षरात एक शेरा पुन्हा पुन्हा आलेला आहे : ‘उपकरणाचा वापर अनियमित. पालक समुपदेशन आवश्यक.’ वर्गशिक्षिकांची तक्रार अशी होती की मुलगी हट्टी आहे, यंत्र काढून कंपासपेटीत ठेवते आणि दिवसभर खिडकीकडे बघत बसते. मी आईला दोनदा बोलावून घेतले. त्या घरी विड्या वळतात आणि घरात तेलुगू बोलतात. दुसऱ्या वेळी त्या जरा चाचरतच म्हणाल्या, “मॅडम, घरी घालतीय की ती. शाळंत टोचतंय म्हणतीय.” टोचते म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा लहान झाला असेल, असे मी धरून चालले. वाढत्या वयात कान मोठा होतो, जुना साचा सैल पडतो आणि यंत्र शिट्टी मारते, हे आमचे नेहमीचे दुखणे आहे. मी नवा साचा करवून घेतला आणि विषय मिटला असे समजले. काय टोचते, हे मी त्या बाईंना विचारलेच नाही.

त्या दिवशी पाऊस होता आणि पुढच्या शाळेत जाणे शक्य नव्हते, म्हणून मी त्या वर्गात सलग दोन तास बसले. एरवी मी मुलीला कार्यालयात बोलावून तपासत असे. कार्यालय शांत असते आणि तपासणी लवकर आटोपते. वर्गाच्या एका भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. पूर्व भागात मागाच्या खटखटीकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाहुणा आला तरच ती ऐकू येते. मीही इथलीच असल्याने मलाही ती ऐकू आली नव्हती.

साडेबाराच्या सुमारास वीज गेली. पंखे थांबले आणि पलीकडच्या मागांवर सूत इकडून तिकडे नेणारे धोटे जागच्या जागी थबकले. शिक्षिका फळ्यावर भागाकार सोडवत होत्या. मुलीने मान वर केली, भिंतीकडे पाहिले, कंपासपेटी उघडली आणि आधी उजवे, मग डावे अशी दोन्ही यंत्रे आपणहून कानात बसवली. मग ती पुढे झुकून ऐकू लागली. बाईंनी बाकी किती राहिली असे विचारले, तेव्हा तिचा हात वर होता. वीस मिनिटांनी वीज आली, माग सुरू झाले आणि तिने डोळे किंचित मिटून दोन्ही यंत्रे काढून ठेवली. हट्टाचा लवलेशही त्यात नव्हता. तळपत्या उन्हात आपण कपाळावर हात धरतो, तितक्याच सहज तिने ते केले.

श्रवणयंत्र आवाज वाढवते. नवी डिजिटल यंत्रे गोंगाट थोडाफार दाबतात, परंतु बाईंचा शब्द आणि धोट्याचा ठोका यांतला कोणता हवा, हे त्यांना नीट ठरवता येत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला बोलणे समजायचे, तर शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा निदान 15 डेसिबलने मोठा असावा लागतो. माझ्या मोबाइलवरचे मोजमाप काही प्रमाणित नव्हे, पण माग चालू असताना रिकाम्या वर्गात ते 72 दाखवत होते आणि बंद असताना 48. तिसऱ्या बाकापाशी बाईंचा आवाज जेमतेम 65 भरला. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या मागे उभी राहिले, ओठांवर पुठ्ठा धरला आणि सहा ध्वनींची चाचणी घेतली : आ, ऊ, ई, म, श, स. ऐकू आला की तिने वाटीत मणी टाकायचा. कार्यालयातल्या माझ्या नोंदींत तिचे पाच किंवा सहा मणी असत. त्या खोलीत दोन पडले, आ आणि ई. त्यातल्या ‘ई’ला तिने आधी माझ्याकडे वळून पाहिले.

याचा अर्थ ज्या खोलीने मुलाला आत घेतले, तिनेच मुलीला बाहेर काढले होते आणि त्या खोलीच्या शिफारशीवर सही माझी होती. दुसरीत, वरच्या मजल्यावर, ती यंत्र रोज घालत असे. माझ्याच फाइलमध्ये तसे लिहिलेले आहे. मी दोन्ही पाने समोरासमोर ठेवून पाहिली असती तर पुरे होते. आमच्या तपासणी नमुन्यात रॅम्प, कठडा आणि स्वच्छतागृह यांचे रकाने आहेत, आवाजाचा रकाना नाही. पण ही सबब मला स्वतःलाच पटत नाही.

बैठकीत एका सहकाऱ्यांनी दोघांपैकी एकाला विशेष शाळेत पाठवण्याचा सोपा मार्ग सुचवला. ही सूचना नेहमी त्याच लोकांकडून येते, ज्यांना वर्गातले बाक हलवायचेही जिवावर येते. खिडक्या लावून घ्या, असेही कोणी म्हणाले. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर जातो, तेव्हा बंद खोलीत 26 मुले कशी बसवायची, हे त्यांनी सांगितले नाही.

कारखान्याच्या मालकांकडे मी तावातावाने गेले होते. त्यांनी निमूटपणे ऐकले, शाळेच्या वेळेत माग बंद ठेवणे परवडणार नाही असे स्पष्ट सांगितले आणि निघताना विणीत दोष राहिलेल्या नऊ चादरी रिक्षात घालून दिल्या. त्या आम्ही कारखान्याकडच्या भिंतीवर आणि वर्गाच्या मागच्या बाजूला टांगल्या आहेत. खटखट थांबलेली नाही, कारण चादरीने भिंत जाड होत नाही. परंतु खोलीतला घुमारा उतरला आहे. मुलीला पहिल्या बाकावर, कारखान्यापासून लांबच्या टोकाला बसवले आहे. ती आता पहिले दोन तास यंत्र ठेवते आणि पुढे काढते. शिक्षिकेच्या गळ्यातल्या मायक्रोफोनवरून आवाज थेट यंत्रात पोहोचवणारी सोय मिळावी, अशी मागणी पाठवली आहे.

खरा उपाय त्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुख्याध्यापिकांचे कार्यालय मैदानाकडे आहे, वर्गाएवढेच मोठे आहे आणि रॅम्पवरून तिथपर्यंत एकही पायरी नाही. रॅम्पचा सेंटीमीटर न् सेंटीमीटर मोजताना कार्यालय हलू शकते, हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मुख्याध्यापिका बाई पहिल्यांदा हसल्या, मग जुन्या दप्तराच्या सात कपाटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ही कुठे न्यायची ते तुम्हीच सांगा, मॅडम.” आम्ही दोघींनी टेप धरून खोली मोजली. कार्यालयाच्या दाराची एकच झडप उघडते आणि त्या फटीतून खुर्ची जात नाही. दुसरी झडप वरच्या गंजलेल्या कडीत अडकली आहे. शिपाईमामांनी तिच्यात तेल सोडले आहे आणि दिवाळीच्या सुट्टीत कपाटे हलवायची असे ठरले आहे, निदान तोंडी तरी.